चित्रकला, उजवा मेंदू आणि आपला वर्ग

शाळेत दोन वाक्ये वारंवार कानांवर पडतात. एक, 'त्याच्या बोटांतच कला आहे.' दुसरे, 'मला चित्र येत नाही.' पहिले कौतुकाचे, दुसरे कबुलीचे. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे. चित्र काढण्याची शक्ती डोळ्यांच्या रंगाप्रमाणे जन्मतःच मिळते किंवा मिळत नाही, आणि ज्याला ती मिळालेली नाही त्याच्यासाठी शिक्षकाने करण्यासारखे काही उरत नाही, ही ती समजूत. ती चित्रकलेच्या तासापुरती मर्यादित असती, तर विज्ञानाच्या मासिकाने तिची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. पण जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद, सूक्ष्मदर्शकाखालचा कांद्याचा पापुद्रा, प्रयोगाच्या मांडणीची आकृती, हे सारे वहीत काढताना तोच विद्यार्थी 'मला येत नाही' म्हणत पुस्तकातली आकृती उतरवून मोकळा होतो. समोरचे फूल तो पाहतच नाही. म्हणून हा प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्यांचाही आहे.

या प्रश्नाला 'चित्र शिकवता येते' असे ठाम उत्तर देणारे एक पुस्तक जगभर गाजले. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन कलाशिक्षिकेचे 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन' हे पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले आणि १९८९, १९९९ व २०१२ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. अनेक कलावर्गांत त्यातले पाठ आजही वापरले जातात. 'उजवा मेंदू जागा करा' असे सांगणाऱ्यांनाही त्याचा आधार वाटतो. या लेखात आम्ही त्या पुस्तकाची तपासणी करणार आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो: पुस्तकातली पद्धत बरीचशी चांगली आहे, तिच्यासाठी दिलेले मेंदूविषयीचे स्पष्टीकरण टिकत नाही, आणि शिक्षकांनी या दोन गोष्टी वेगळ्या करून घेणे फार महत्त्वाचे आहे.

पुस्तक काय सांगते?

एडवर्ड्स यांना शाळेत शिकवताना एक कोडे पडले. त्यांचे विद्यार्थी इतर विषयांत हुशार होते, समोरची वस्तू त्यांना स्वच्छ दिसत होती, पेन्सिल धरता येत होती. तरीही चित्र मात्र जमत नव्हते. यातून त्या या निष्कर्षाला आल्या की, अडचण हातात नसून पाहण्यात आहे. समोर पाहून रेखाटन करणे हे एकच गूढ कौशल्य नसून पाच साध्या कौशल्यांचा संच आहे: वस्तूच्या कडा पाहणे, वस्तूंच्या मधल्या मोकळ्या जागा पाहणे, प्रमाण आणि कोन पाहणे, छायाप्रकाश पाहणे आणि या सगळ्यांतून होणारा एकूण आकार पाहणे. सायकल किंवा वाचन जसे बहुतेकांना शिकवता येते, तसेच हेही, असा त्यांचा दावा आहे.

त्यासाठी पुस्तकात दिलेले पाठ मजेदार आहेत. पिकासोने १९२० साली केलेले संगीतकार स्ट्राविन्स्कीचे रेखाचित्र उलटे ठेवायचे आणि ते तसेच उलटे उतरवायचे. कागदाकडे न बघता आपल्या तळहातावरच्या रेषा अगदी सावकाश काढायच्या. हा पाठ किमॉन निकोलाइडिस या शिक्षकाच्या १९४१ सालच्या पुस्तकापासून परिचित आहे. खुर्ची काढायची नाही, तर खुर्चीच्या पायांमधल्या आणि दांड्यांमधल्या रिकाम्या जागा तेवढ्या काढायच्या. हात ताठ करून पेन्सिल डोळ्यांसमोर धरायची आणि तिच्यावर अंगठ्याने प्रमाण मोजायचे. या सगळ्यांमागे हेतू एकच: 'ही खुर्ची आहे', 'हे नाक आहे' हे ज्ञान थोडा वेळ बाजूला ठेवून प्रत्यक्ष दिसणाऱ्या आकाराकडे लक्ष वळवणे.

माहीत असलेले आणि दिसणारे

हा हेतू योग्य आहे का? येथे मानसशास्त्र पुष्कळ अंशी एडवर्ड्स यांच्या बाजूने आहे. पाचवीतल्या मुलाला समोर ठेवलेला पाण्याचा पेला काढायला सांगा. पेल्याचे तोंड तो बरेचदा जवळजवळ पूर्ण गोल काढतो आणि तळ सरळ रेषेने. तोंड गोल असते हे त्याला माहीत आहे आणि पेला टेबलावर सपाट बसतो हेही माहीत आहे. चित्र चुकते ते अज्ञानामुळे नव्हे, ज्ञानामुळे. तिरप्या धरलेल्या चकतीचा आकार मोठ्या माणसांनाही प्रत्यक्षापेक्षा अधिक गोल भासतो, हे रॉबर्ट थाउलेस यांनी १९३१ साली प्रयोगाने दाखवले होते. वस्तू जवळ असो वा दूर, सरळ असो वा तिरपी, ती तीच आहे हे ओळखण्यासाठी आपली दृष्टी मिळालेली प्रतिमा सतत दुरुस्त करत असते. रस्ता ओलांडताना ही दुरुस्ती आपला जीव वाचवते. चित्र काढताना तीच आड येते.

दहावीच्या वर्गात प्रकाशाचे परावर्तन शिकवताना करण्याजोगा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्याला आरशासमोर उभे करा. 'आरशाच्या काचेवर तुझ्या चेहऱ्याची प्रतिमा किती रुंद दिसते?' असे विचारा. बहुतेक जण चेहऱ्याइतकीच सांगतील. मग एक डोळा मिटून, डोके न हलवता, साबणाच्या वडीने आरशावर चेहऱ्याची बाह्यरेषा काढायला सांगा आणि पट्टीने मोजा. ती खऱ्या चेहऱ्याच्या साधारण निम्मी भरते. मागे सरकून पुन्हा काढली तरी निम्मीच. कारण सोपे आहे: प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते, म्हणजे आरसा डोळा आणि प्रतिमा यांच्या बरोबर मध्यावर येतो. रोज आरशात पाहणाऱ्या माणसालाही हे ठाऊक नसते, कारण तो काचेवरचा आकार पाहत नाही, चेहरा पाहतो.

लोकांना समोरची वस्तू जशीच्या तशी का काढता येत नाही, याचा शोध डेल कोहेन आणि सुझन बेनेट यांनी १९९७ साली घेतला. हाताचे वळण, काय काढायचे याचे निर्णय आणि स्वतःचे चित्र तपासण्यातली चूक ही कारणे तपासल्यावर त्यांनी मुख्य दोष वस्तू चुकीची पाहण्याकडे दिला. म्हणजे 'बोटांत कला' हा वाक्प्रचार निदान रेखाटनापुरता तरी चुकीच्या अवयवाकडे बोट दाखवतो.

मग उजव्या बाजूचे काय?

आता पुस्तकाच्या नावाकडे वळू. माणसाच्या मेंदूचे दोन गोलार्ध कॉर्पस कॅलोसम नावाच्या मज्जातंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांवर उपचार म्हणून हा पट्टा कापला गेला, आणि १९६० च्या दशकात रॉजर स्पेरी, मायकेल गॅझानिगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या एका उजखोऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर घनाची आकृती उजव्या हाताने नीट काढता येईना, पण डाव्या हाताने येऊ लागली. डावा हात उजव्या गोलार्धाच्या ताब्यात असतो. बोलणे मात्र मुख्यतः डाव्या गोलार्धाचे. या संशोधनासाठी स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

निरीक्षणे खरी होती. एडवर्ड्स यांनी त्यावरून जी झेप घेतली ती मात्र मोठी होती. शब्द, तर्क आणि चिन्हे डावीकडे. आकार, अवकाश आणि सर्जन उजवीकडे. आणि चित्र काढणे म्हणजे डाव्याला गप्प करून उजव्याला वाव देणे, अशी मांडणी त्यांनी केली.

या मांडणीत तीन अडचणी आहेत. पहिली, पट्टा कापलेल्या मेंदूवरून अखंड मेंदूविषयी असे सरळ अनुमान काढता येत नाही. अखंड मेंदूत दोन्ही गोलार्ध सतत देवाणघेवाण करत असतात. दुसरी, मेंदूला इजा झालेल्यांची चित्रे वेगळेच सांगतात. उजव्या गोलार्धाला इजा झाली तर चित्रातले भाग असतात, पण ते विस्कळीत होतात. कधी चित्राची डावी बाजूच गायब होते. डाव्या गोलार्धाला इजा झाली तर एकूण घाट राहतो, पण तपशील गळून चित्र बाळबोध होते. चित्र दोन्ही प्रकारे बिघडते, म्हणजे चित्राला दोन्ही गोलार्ध लागतात. तिसरी, 'उजव्या मेंदूची' आणि 'डाव्या मेंदूची' माणसे असतात या कल्पनेलाच आधार मिळत नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली १०११ व्यक्तींच्या मेंदूंची चित्रणे तपासली. काही विशिष्ट कामे एका बाजूला अधिक झुकलेली दिसली, पण संपूर्ण मेंदूच एका बाजूला झुकलेला आहे अशी माणसे दिसली नाहीत.

पुढच्या आवृत्त्यांत लेखिकेने सौम्य भूमिका घेतली: या दोन 'रीती' आहेत, त्या मेंदूत नेमक्या कुठे आहेत हे तितके महत्त्वाचे नाही, असा तिचा आशय. मग नाव मात्र तेच का राहिले, हा प्रश्न उरतोच.

पुरावा किती?

पुस्तकातला सर्वांत प्रभावी भाग म्हणजे विद्यार्थ्यांनी शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर काढलेल्या चित्रांच्या जोड्या. त्या पाहून कोणीही थक्क होईल. पण आपण विद्यार्थ्यांना प्रयोगाचे जे नियम शिकवतो ते येथेही लावले पाहिजेत. या जोड्या लेखिकेने निवडलेल्या आहेत. तितकाच वेळ दुसऱ्या पद्धतीने शिकलेला, किंवा नुसताच चित्रे काढत बसलेला, तुलनेचा गट शेजारी नाही. त्यामुळे सुधारणा झाली हे दिसते. ती कोणत्या पाठामुळे झाली हे कळत नाही.

आणि पुस्तकाची जणू मुद्रा ठरलेला उलट्या चित्राचा पाठ? कोहेन आणि हॉली अर्ल्स यांनी २०१० साली तो तपासला. चित्र उलटे ठेवल्याने रेखाटनाची अचूकता वाढत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. नवशिक्याची भीती मोडायला हा पाठ उपयोगी पडत असेलही, पण 'मेंदूची कळ फिरवणारा' म्हणून त्याची ख्याती फुकाची ठरते.

दुसरा एक अभ्यास आणखी विचार करायला लावतो. अलेक्झांडर श्लेगल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली चित्रकला शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची, ती न शिकणाऱ्यांशी तुलना केली. शिकणाऱ्यांचे समोर पाहून केलेले मानवाकृतींचे रेखाटन सुधारले, सर्जक विचारांच्या चाचण्यांतही ते पुढे गेले. पण त्यांच्या दृष्टिसंवेदनेच्या चाचण्यांत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे 'पाहायला शिकणे' याचा अर्थ डोळे अधिक तीक्ष्ण होणे असा नाही. कुठे पाहायचे, काय मोजायचे, काय सोडायचे आणि पाहिलेले हातापर्यंत कसे न्यायचे, हे शिकणे असा तो अर्थ असावा. हे शिकवण्याजोगेच आहे. फक्त त्याला जादूची कळ नाही, शिक्षक आणि वेळ लागतो.

दुर्बिणीतला चंद्र

शिकवण्याने पाहणे कसे बदलते याचे एक उदाहरण विज्ञानाच्या इतिहासातच आहे. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. ते उत्तम गणिती होते. त्यांच्या चित्रात प्रकाश आणि अंधार यांच्यामधली एक ओबडधोबड रेषा आणि काही डाग एवढेच आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने चंद्र पाहिला आणि शाईच्या फटकाऱ्यांनी उजळ शिखरे आणि काळोख्या दऱ्या रंगवल्या. त्यांची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती, हे मान्य करायलाच हवे. पण गॅलिलिओ फ्लॉरेन्सच्या परंपरेत वाढले होते. यथादर्शन आणि छायाप्रकाश यांचे शिक्षण त्यांना मिळाले होते, आणि १६१३ साली तिथल्या चित्रकलेच्या अकादमीचे ते सभासदही झाले. अंधाऱ्या भागातला उजळ ठिपका म्हणजे सूर्यप्रकाश पडलेले शिखर, हे वाचता येण्यासाठी सावल्यांचे व्याकरण माहीत असावे लागते. १६१० साली गॅलिलिओचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर हॅरियट यांच्या चित्रांतही विवरे दिसू लागली. चंद्र बदलला नव्हता.

आतून येते ते काय?

तर मग सगळेच शिकवता येते काय? तसे म्हणणेही पुराव्याला सोडून होईल.

'आतून येते' या पक्षाचे सर्वांत प्रसिद्ध शिक्षक व्हिएन्नाचे फ्रांझ चिझेक. १८९७ साली त्यांनी मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. मुलाला शिकवू नका, वाढू द्या, हे त्यांचे सूत्र. नमुना गिरवण्याच्या शिक्षेतून त्यांनी मुलांना सोडवले हे त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही त्या वर्गातली चित्रे शेजारी शेजारी ठेवली की त्यांच्यात एक सामाईक वळण दिसते. शिक्षकाची पसंती, भिंतीवरची चित्रे, शेजारच्या मुलाचा कागद, हे सारे न बोलता शिकवतच असते.

उलट बाजूला नादियाचे उदाहरण आहे. इंग्लंडमधल्या या स्वमग्न मुलीचा अभ्यास लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ साली प्रसिद्ध केला. बोलणे जवळपास नसलेली ही मुलगी साडेतीन वर्षांची असताना धावते घोडे अशा सफाईने काढत होती की मोठ्यांनाही जमू नये. तिला हे कोणी शिकवले नव्हते. व्यक्ती-व्यक्तींतला उपजत फरक नाकारणाऱ्याने नादियाची चित्रे पाहावीत. नुसत्या सरावाने सर्व काही साधते हा दावाही तपासला गेला आहे. ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा संगीतातल्या कौशल्यातल्या फरकांपैकी सुमारे २१ टक्के फरकच जाणीवपूर्वक केलेल्या सरावाशी जोडता आला. मात्र उरलेले ७९ टक्के म्हणजे 'देणगी' असे समजू नये. त्यात सुरुवातीचे वय, शिक्षक, घरचे वातावरण, मोजण्यातल्या चुका आणि अनुवंश असे सगळेच येते.

आपल्या जवळचे उदाहरण पाहा. पालघर-डहाणू भागातल्या वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत आल्या. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग एवढ्यावर उभी असलेली ही भाषा कोणा एकीच्या अंतःकरणातून उगवलेली नाही. मोठ्यांच्या शेजारी बसून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकली गेली. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ती कागदावर आणि बाहेरच्या जगात आली. जिव्या सोमा म्हसे यांनी त्याच भाषेत मासेमारीच्या जाळ्याची अशी चित्रे केली जी चौकात कधी नव्हती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भाषा सर्वांची होती, म्हणणे म्हसे यांचे होते. शिकवलेले आणि आतले यांचा संबंध आम्हाला असा दिसतो. आतले असतेच, पण शिकलेल्या भाषेवाचून ते बाहेर येत नाही. आणि भाषा शिकवल्याशिवाय कोणाच्या आत काय आहे हे आधी ओळखण्याचे साधन कोणाजवळही नाही.

वर्गात काय करावे?

एडवर्ड्स यांच्या पुस्तकाचे मोठे श्रेय हे की, 'मला येत नाही' म्हणणाऱ्या हजारो प्रौढांच्या हाती त्यांनी पुन्हा पेन्सिल दिली. त्यांची मोठी चूक ही की, जन्मजात देणगीची समजूत पुढच्या दाराने घालवून त्यांच्या सिद्धान्ताने ती मागच्या दाराने आत घेतली. 'याच्या बोटांत कला नाही' याऐवजी आता 'हा डाव्या मेंदूचा मुलगा' असे म्हणण्याची सोय झाली. शिक्का बदलला, पण मुलाचे नुकसान तेच राहिले. शिवाय गणित आणि विज्ञान एका बाजूला, कला दुसऱ्या बाजूला, ही भिंतही अधिक उंच झाली.

तेव्हा शिक्षकांनी पाठ घ्यावेत, सिद्धान्त सोडून द्यावा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांसाठी वस्तुचित्र शिकवताना मोकळ्या जागा काढण्याचा पाठ द्यावा. विज्ञानाच्या तासाला पुस्तक मिटवून, समोर पिंपळाचे खरे पान ठेवून, त्याच्या शिरा मोजून काढायला लावाव्यात. सुबकतेला नव्हे, निरीक्षणाला गुण द्यावेत: किती शिरा दिसल्या, कोन बरोबर आला का, किड्याने खाल्लेले भोक काढले का. वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे चित्र जपून ठेवावे. आणि जमल्यास दुसऱ्या तुकडीची चित्रेही, म्हणजे तुलनेचा गट आपोआप मिळेल.

यातून वर्गातला प्रत्येक जण चित्रकार होणार नाही. पण प्रत्येक जण समोरची वस्तू पाहू लागेल. त्यातल्या कोणाजवळ सांगण्यासारखे काही असेल तर ते सांगायला त्याला रेषा सापडेल. ते काही असेल की नाही, हे पाचवीच्या वर्गात, पहिल्या पेल्याच्या चित्रावरून ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.